हिरव्या दोऱ्याचा ट्रे

आमच्या कॉफीच्या पाकिटावर माझ्या आईचा फोटो आहे. डोक्याला रुमाल, काखेत लालभडक फळांनी भरलेली टोपली, तोंडभर हसू, आणि खाली फेअर ट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला न्याय्य भाव दिल्याचा, गोल शिक्का. टोपली फोटोवाल्यानं दुसऱ्याच बाईकडून मागून आणली होती. आईचे गुडघे तिला बागेत तासन्‌तास उभं राहू देत नाहीत, कैक वर्षांत तिनं झाडावरचं एक फळ तोडलेलं नाही. फोटोवाला म्हणाला, "आजी, हसा." आई म्हणाली, "कशाला?" तो म्हणाला, "लोकांना बरं वाटतं." ते ऐकून तिला जे हसू फुटलं तेच छापून आलं.

दूर कुठल्या तरी काचेच्या दुकानात माणसं रांग लावून ती कॉफी घेतात. कागदी पेल्यावर झाकण लावून, फोनवर बोलत, चालता चालता पितात. आपण कुणाचं तरी भलं केलं असं त्यांना वाटतं. वाटू दे. त्या शिक्क्यामुळे आमच्या शेडचं गळकं छप्पर जाऊन नवं आलं, हे मी नाकारणार नाही. खाल्ल्या मिठाला जागते. पण न्याय हा शब्द पाकिटावर छापायला जेवढी शाई लागते तेवढ्यानं तो होत नसतो, एवढं बोलल्याशिवाय मला पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

आमची सोसायटी म्हणजे एका उतारावरची घरं. ज्यानं त्यानं आपापल्या बागेतली कॉफी धुवायची, वाळवायची, टरफल काढून शेडमध्ये आणायची. तिथं लांबलचक टेबलाशी बायका बसतात आणि दाणे निवडतात. काळा, किडका, फुटका दाणा बाहेर. मग निवडलेला माल एका मोठ्या लाकडी कोठीत ओतायचा. सगळ्यांचा एकाच कोठीत. एकदा ओतलं की कुणाचं काय ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्या कोठीवर आमचा शिक्का आहे. शिक्का सोसायटीचा असतो, एकट्यादुकट्याचा नाही.

आणि ह्याच गोष्टीवरून माझा थोरला भाऊ पेटला होता.

दादाची बाग सगळ्यात वर, जिथं सकाळी धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं. तो झाडांना लेकरांसारखं बघतो. लेकरांपेक्षा जास्तच, असं वहिनी म्हणते. पिकलेलं फळ तोडायचं, अर्धकच्च्याला हात लावायचा नाही, ह्यात तो कधी चुकत नाही. आणि शेडमध्ये आला की त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं पोतं खालच्या आळशी माणसाच्या पोत्यावर ओतलं जायचं.

"माझं दूध तुमच्या पाण्यात का ओतू?" सभेत तो उभा राहून म्हणाला.

"तुझ्या एकट्याच्या दुधावर शेड चालेल का रे?" आमचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे सगळ्यांचे काका. मऊ माणूस. भांडण लागलं की त्यांना खोकला येतो.

"शेड चालवायचा मक्ता मी घेतलाय? तो खरेदीदार, चमचेवाला, येतोय ना, त्याला एकेका बागेची कॉफी वेगळी चाखू दे. माझी उजवी निघाली तर तो माझी वेगळी घेईल, त्याच्या स्वतःच्या नावानं, तुमच्या शिक्क्याशिवाय. मग मी सुटलो. वरची घरं माझ्याबरोबर येतील, विचारा त्यांना."

वरची घरं मान खाली घालून बसली होती. म्हणजे विचारून झालं होतं.

ह्याचा अर्थ शेडमध्ये प्रत्येकाला कळला. वरच्या बागांचा माल गेला की कोठी बेचव. कोठी बेचव झाली की चमचेवाला पुढच्या वर्षी फिरकणार नाही. शिक्का नुसता भिंतीवर. निवडणीचं टेबल बंद, आणि त्या टेबलाच्या टोकाला अर्धं आयुष्य काढलेली माझी आई घरी बसणार. मीही. मी तिथं नमुने भाजते आणि चाखते. कुठल्या शाळेत शिकले नाही, आधीच्या खरेदीदारानं टाकून दिलेलं एक पुस्तक आणि शंभरदा पोळलेली जीभ, एवढीच माझी पदवी.

त्या रात्री आई माझ्याकडे राहायला आली. ती दादाकडे राहते, त्याच्यावर रागावली की माझ्याकडे येते.

"भांडलीस?" मी विचारलं.

"मी कशाला भांडू? तो खोटं कुठं बोलतोय? कष्ट करतो पोरगा." मग म्हणाली, "पण ह्याला लहानपणी पण वेगळं ताट लागायचं."

चाखणीसाठी प्रत्येक बागेतून थोडे दाणे आले. कुणाचे कुठले ते कळू नये म्हणून प्रत्येक ट्रेच्या कडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचा आणि रंग फक्त अध्यक्षांना माहीत, असं ठरलं. पण दोरे आईच्या शिवणाच्या डब्यातले, आणि अध्यक्षांना गाठ मारता येत नाही. गाठी आईनंच मारल्या. असं आमचं गुपित.

चमचेवाला यायच्या आदल्या दिवशी मी भाजायला बसले. माझं भाजायचं यंत्र म्हणजे एक लहानसं फिरतं पिंप, खाली जाळ. दाणे आधी गवतासारखे वास देतात, मग पावासारखे, आणि मग तडकायला लागतात. तो आवाज मला पाठ आहे. एका बागेचे दाणे साधारण एकदमच तडकतात, घाईघाईनं, आणि एकदम गप्प होतात. हिरव्या दोऱ्याचा ट्रे ओतला आणि तसं झालं नाही. एक दाणा तडकला. मग दोन. मग थांबले, पुन्हा सुरू झाले. पंगतीत इकडून एक बोलावं, तिकडून दुसऱ्यानं ओ द्यावी, तसं बराच वेळ चाललं होतं. मला वाटलं जाळ कमीजास्त होतोय. यंत्राला दोन शिव्या हासडल्या. दाणे मात्र असे देखणे होते की एकही फुटका नाही, एकही डागाळलेला नाही. कुणीतरी बायकोला तीन-तीनदा निवडायला बसवलेलं दिसतंय, असं मनात म्हटलं आणि पुढचा ट्रे घेतला.

चमचेवाला सकाळी आला. उंच, किडकिडीत, चष्मेवाला माणूस. खिशातून मऊ कापडात गुंडाळलेला स्वतःचा चमचा काढतो, म्हणून हे नाव. त्याला घेऊन यायला दादाच गेला होता. नवा शर्ट घालून.

चाखणीत कुणी बोलायचं नसतं. एकेका दोऱ्यापुढे दळलेल्या कॉफीच्या वाट्या. आधी कोरडा वास. मग उकळतं पाणी. वर जाड साय धरते, ती चमच्याच्या पाठीनं मोडायची आणि नाक थेट वाटीत घालायचं. मग जरा निवू द्यायचं, आणि चमचाभर घेऊन असा भुरका मारायचा की कॉफी तोंडभर फवाऱ्यासारखी उडाली पाहिजे. मग थुंकायची. गिळायची नाही. दिवसभर गिळत बसलं तर काळीज तोंडाशी येतं.

खिडकीबाहेर निवडणाऱ्या बायका ऐकत होत्या. चमचेवाल्याच्या प्रत्येक भुरक्याला एक मावशी बाहेरून तसाच भुरका मारून उत्तर देत होती आणि बाकीच्या पदरात तोंड घालून खिदळत होत्या.

लाल दोरा. पिवळा. काळा. चमचेवाला भुरका मारी, थुंके, पुढे सरके. मी त्याच्यामागून तेच. चांगल्या होत्या. एक खालच्या अंगची जरा मातकट. एकीत गुळाचा गोडवा. तोंडावर काही दाखवायचं नाही अशी ह्या लोकांची रीत, त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.

हिरव्या दोऱ्याशी तो आला. भुरका मारला.

आणि थुंकायला वाकणारा माणूस मध्येच थांबला. त्यानं घोट गिळला.

चष्मा काढून त्यानं टेबलावर ठेवला. दुसऱ्यांदा घेतली. पुन्हा गिळली. मग चमचा हळूच, आवाज होणार नाही असा, खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत उभा राहिला. बाहेरच्या मावशीचा भुरका अर्ध्यावर राहिला. काहीतरी झालंय हे भिंतीपलीकडेही कळलं.

माझी पाळी आली. मी ह्या शेडमध्ये वाढले. कॉफीनं मला काही दाखवायचं बाकी आहे असं मला वाटत नव्हतं.

आधी काहीच नाही. नुसतं ऊन पाणी. मग जिभेच्या दोन्ही कडांना संत्र्याची साल नखानं चुरडल्यासारखी चमक उठली, आणि ती विझायच्या आत तिच्या खालून मध आला, मधाखालून पिकलेल्या जर्दाळूसारखं काहीतरी, आणि त्याच्याही खाली फार खोल, ओल्या लाकडासारखी एक शांत चव. एकीनं दुसरीला पुसलं नाही. सगळ्या होत्या. सगळ्या एकाच वेळी उभ्या होत्या आणि तरी गर्दी नव्हती. घोट संपला तरी चव सरली नाही. मी वाट बघत उभी, आणि ती चालतेच आहे. मला वाटलं कुणीतरी खोलीच्या चारी भिंती गुपचूप मागे सरकवल्या.

मी हात जोडणारी बाई नाही. पण माझा हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला आणि मी ती घट्ट धरली. ही चव ह्या उतारावरची? माझ्या रोजच्या चिखलातली? इतकी वर्षं ही इथं होती आणि आम्ही तिच्यावरून पाय देऊन चालत होतो? अंगावर काटा आला तो हातांवर दिसत होता. वाटी निवत गेली तशी चव बदलत गेली, नव्या नव्या गोष्टी वर आल्या. शेवटचा थंड घोट पहिल्यापेक्षा गोड.

"कुणाची?" चमचेवाल्यानं विचारलं.

अध्यक्ष खोकले. खिशातला कागद काढून बघितला, जसं काही माहीतच नव्हतं. "हिरवा... हिरवा म्हणजे आमचा वरचा." आणि दादाकडे बोट केलं.

दादा दारात उभा होता. तो ओरडला नाही, हसला नाही. त्यानं फक्त डोळे मिटले. त्या क्षणी मला त्याचा मत्सर वाटला, आणि संताप आला, आणि ह्या दोन्हींची लाज वाटली. कारण तो खरं बोलत होता. ही कॉफी आम्ही वर्षानुवर्षं कोठीत बुडवली होती. ही चव मातकट मालात ओतणं हे पाप आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी काय तोंडानं नाही म्हणणार होते?

"मी तीस वर्षं हेच करतोय," चमचेवाला म्हणाला. "असं दोनदाच झालं. तेही असं नाही." मग दादाकडे वळून, "तुमची बाग बघायची आहे. आत्ता. जेवढी असेल तेवढी घेतो."

"चला की," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हळूच, "काय गं? दूध की पाणी?"

"दूध," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

ते बूट चढवत होते तेवढ्यात मी हिरव्या दोऱ्याची एक वाटी उचलली आणि मागे गेले. शेडच्या मागच्या कोपऱ्यात चूल आहे, तिथं आई पाहुण्यांसाठी नेहमीची कॉफी उकळत होती. मला वाटलं, काही का होईना, तिच्या पोरानं पिकवलंय. तिनं चाखायला हवं.

"आई, घे. तुझ्या लेकाची. तो जिंकला."

तिनं वाटीकडे बघितलं नाही. पळी ढवळत राहिली.

"हिरव्या दोऱ्याची?"

"हो."

"ती त्याची नाही."

"काय?"

"ओरडू नकोस. काल सकाळी त्याच्या ट्रेत मांजर झोपलं होतं."

"मग?"

"नुसतं झोपलं नव्हतं." आईनं नाक मुरडलं. "घाण केली मेल्यानं. मी ते दाणे फेकले. त्याच्याकडे दुसरे मागायला गेले असते तर म्हणाला असता, मुद्दाम केलंत. तू ओळखतेस त्याला. म्हणून मी आपल्या डब्यातले घातले."

फळीवरचा डबा मी जन्मापासून बघतेय. शेडचा डबा. निवडताना बायकांच्या हाताला कधी असा एखादा दाणा लागतो की पुढे ढकलवतच नाही. टपोरा, निळसर, तळहातावर ठेवून बघत राहावं असा. तो कोठीत जात नाही. प्रत्येकीच्या मांडीशी एक वाटी असते, तीत जातो. एका पोत्यामागे जेमतेम मूठभर निघतो. कामाच्या शेवटी वाट्या डब्यात. कुणी ठरवलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही, आईच्या सासूच्या आधीपासून चालत आलंय. त्यातूनच शेडची कॉफी होते. आई ते दाणे तव्यावर कोळसा होईपर्यंत भाजते, पातेल्यात रटारटा उकळते आणि वर साखर ओतते. आम्ही सगळे रोज तीच पितो. दादाही.

त्या दाण्यांना आजवर कुणी हलकं भाजलं नव्हतं. कुणी बिनसाखरेचं चाखलं नव्हतं. काल मी भाजलं, नकळत. आणि ते एकामागून एक, आपापल्या वेळेला तडकले, कारण ते सगळ्यांच्या बागेतले होते.

"आई, तुला कळतंय का तू काय केलंस?"

"काय केलं? त्यात त्याचेही दाणे आहेतच की." तिला हे खरंच पुरेसं वाटत होतं. "सगळ्यांचे आहेत तर त्याचे नाहीत का?"

मी चुलीपुढे बसकण मारली. बोलावं तर नमुन्यात फेरफार. पलीकडच्या सोसायटीनं एकदा नमुन्यात दुसरीकडचा माल मिसळला होता, खरेदीदारानं वर कळवलं, त्यांचा शिक्का काढून घेतला आणि शेडला कुलूप लागलं. आपण चुकून केलं हे कोण मानणार? मांजराची साक्ष काढायची? आणि न बोलावं तर दादा त्या माणसाला घेऊन वर जाणार, सोसायटी मोडणार, आणि त्याची खरी कॉफी तिकडे पोचली की तोच खोटा ठरणार. माझा भाऊ. जो आयुष्यात अर्धकच्चं फळ तोडत नाही तो.

"तू काही बोलू नकोस," मी म्हणाले. "मला विचार करू दे."

"विचार कसला करायचा त्यात?" आईनं पातेलं उतरवलं, फळीवरचा डबा काखेत मारला, पाकिटावरच्या टोपलीसारखा, आणि गुडघे धरत पुढच्या खोलीत निघाली. मी मागे धावले. तिला कोण अडवणार?

"अहो, थांबा," ती चमचेवाल्याला म्हणाली. "वर जाऊन काही मिळायचं नाही. तुम्ही प्यायलात ती ह्यातली."

आणि सगळं सांगितलं. मांजरासकट. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही.

अध्यक्षांना असा खोकला लागला की ते भिंतीला धरून उभे राहिले. दादाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

"माझ्या पोत्यातून काढता?" तो म्हणाला. "इतकी वर्षं? प्रत्येक पोत्यातले सगळ्यात चांगले दाणे? ही चोरी आहे, आई! चोरी!"

"आहे," आई म्हणाली. "आणि रोज पितोस तू. दोन दोन कप."

बाहेरून कुणीतरी फिसकन हसलं. दादा गरकन वळला. "हसा! उद्या कुलूप लागलं की हसा!"

चमचेवाला पुढे झाला. त्यानं डब्यात हात घातला. बोटांतून दाणे खाली सोडत राहिला. लहान, मोठे, गोल, लांबट. शिक्का काढणाऱ्या माणसाचं तोंड कसं असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"किती बागा आहेत ह्यात?" त्यानं विचारलं.

"सगळ्या," आई म्हणाली.

"आणि निवडलं कुणी?"

आईनं खिडकीकडे हनुवटी केली. तिथं सगळ्या डोकी लावून उभ्या होत्या.

"त्यांनी चाखलीय?"

"रोजच पितो ना. साखर घालून."

तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना आत बोलवा."

निवडणाऱ्या बायका चाखणीच्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा आल्या. साफ करायला येत, ते सोडून. मी हिरव्या दोऱ्याच्या उरलेल्या दाण्यांची कॉफी पुन्हा केली. भुरका मारणाऱ्या मावशीला मी चमचा दिला तर ती लाजून मागे सरकली. "खरोखर मारायचा होय? मला नुसता आवाजच येतो." ढकलून पुढे आणली. तिनं भुरका मारला. थोबाड उघडं टाकून तशीच उभी राहिली. मग दुसरी. मग तिसरी. एरवी ज्यांची तोंडं झोपेतही बंद नसतात त्या बायका. कुणी गळ्याला हात लावला. एकीनं वाटी दोन्ही हातांत धरली आणि आत बघत राहिली, विहिरीत बघतात तशी. एक म्हातारी आपल्याच बोटांकडे बघत होती, उलटसुलट करून.

"हे आपलं?" मावशी शेवटी म्हणाली. "आणि आपण ह्याला उकळून मारत होतो?"

आईनं सगळ्यात शेवटी घेतली. घोट तोंडात धरून ती बाकावर बसली. बराच वेळ गिळेना. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. म्हणाली, "सासूबाईंना द्यायला हवी होती."

दादा दारातच उभा. कुणी त्याला घे म्हणेना. शेवटी मीच चमचा पुढे केला.

"माझी कुठाय?" तो म्हणाला. "माझी खरी. ती पण भाज. आत्ता भाज. शेजारी ठेव."

वहिनी धावत जाऊन त्याच्या पोत्यातले दाणे घेऊन आली. मी भाजले. एकदम तडतडले, एकदम थांबले. वाटीत ओतल्यावर त्यानं स्वतः साय मोडली, स्वतः भुरका मारला. चांगली होती. खरंच चांगली होती, त्या टेबलावरच्या एकएकट्या बागांमध्ये सगळ्यात चांगली. स्वच्छ, झळझळीत, सांगायचं ते सरळ सांगून गप्प होणारी. मग त्यानं दुसरी घेतली.

त्यानं थुंकायला तोंड वळवलं नाही. मी बघत होते. माझा भाऊ कधी कुणापुढे हरलेला मी बघितला नाही, आणि तो हरलेला दिसतही नव्हता. तो लहान दिसत होता. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की माणूस जसा दिसतो तसा.

"ह्यात माझी आहे," तो म्हणाला. पुन्हा भुरका मारला. "तळाशी. ऐक ना. आहे. पण तिच्या डोक्यावर हे बाकीचं कुठून आलं?" आणि खालच्या आळशी माणसाचं नाव घेण्याऐवजी, "त्या मातकटाचंसुद्धा?"

"त्याच्याही पोत्यात एखादी मूठ निघते," आई म्हणाली.

दादानं चमचा ठेवला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून निघून गेला.

चमचेवाल्यानं हिरव्या दोऱ्याचा नमुना बाद केला. मांजराचा उल्लेख केला नाही, चूक कुणाची तेही लिहिलं नाही. कोठीचा माल पूर्वीसारखाच घेतला, शिक्क्यासह. जाताना त्यानं विचारलं, "हा डबा विकता?"

"नाही," आई म्हणाली.

"एक पाकीट तरी?"

"आम्ही काय पिऊ मग?"

त्यानं फोटो काढू का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "टोपली आणू का शेजारून?" तेव्हा तो पहिल्यांदा हसला, आणि खजील झाला, आणि फोन खिशात घातला. माणूस वाईट नव्हता. पण काचेच्या दुकानातल्या लोकांना ही चव कधी मिळणार नाही ह्याचा मला त्या दिवशी आनंद झाला, आणि अजून होतो. जगात एवढी एक गोष्ट तरी असू दे की जी पिकवणाराच पितो.

दादाचं काय ते मात्र कुणालाच कळेना. त्यानं राजीनामा दिला नाही, सुटायची भाषाही मागे घेतली नाही. हंगाम सरला. झाडं पांढरी फुलली, फळं धरली, लाल झाली. वरची घरं त्याच्या तोंडाकडे बघत थांबलेली. अध्यक्षांचा खोकला कायमचा झाला. आई पुन्हा त्याच्याकडे राहायला गेली. तो काही बोलतो का विचारलं तर म्हणायची, "जेवतो."

नव्या हंगामाचा पहिला माल शेडमध्ये यायला लागला. खालच्यांची पोती आली, मधल्यांची आली. वरून कुणी उतरलं नाही. दोन दिवस आई टेबलाच्या टोकाला बसून दाराकडे बघत निवडत होती, आणि किडके दाणे तिच्या हातून निसटून जात होते तरी कुणी तिला काही म्हणालं नाही.

मग तो आला. पाठीवर पोतं. कुणाकडे न बघता टेबलाशी आला, पोत्याचं तोंड सोडलं, दाणे लाकडावर ओतले आणि बायकांच्या बाकावर बसला. त्या बाकावर कधी पुरुष बसलेला नाही. मावशी चपापून सरकली.

"वाटी द्या एक," तो म्हणाला.

"मूठ आम्ही काढतो," आई म्हणाली. "ऊठ तू."

"गप बस गं. माझ्या पोत्यातली मी काढणार. तुमच्यावर काय भरवसा!"

आणि तो निवडायला लागला. एकेक दाणा खिडकीच्या उजेडात धरून, फिरवून. एक वाटीत टाकला, जरा विचार केला, पुन्हा काढला.

"चांगला आहे की रे तो," आई म्हणाली.

"बघू दे. ह्याच्यापेक्षा चांगला असेल."

बायकांचे हात थांबले होते. इतका वेळ लावला त्यानं की तेवढ्यात आम्ही तीन पोती निवडली असती. शेवटी मूठभर झाले. त्यानं ते स्वतः उठून डब्यात टाकले आणि डबा हलवून आवाज ऐकला. मग उरलेलं पोतं उचलून कोठीवर गेला आणि ओतलं, सगळं, तळ झटकून. खालच्यांच्या मालावर ते सळसळत गेलं आणि मिसळलं. दारात वरच्या घरांची माणसं पाठीवर पोती घेऊन उभी होती. ती कधी आली ते आम्हाला कळलंच नव्हतं.

आई चुलीकडे गेली. पातेलं चढवलं, साखरेचा डबा काढला.

"आई," दादा तिथूनच ओरडला, "साखर नको घालू!"

"मग प्यायची कशी?" आई म्हणाली, आणि घातली.